पायांनाही म्हटलं

सोलापूर. शुक्रवार, दिवेलागण.

आज काठीशिवाय तळ्यापर्यंत जाऊन आलो! काटा रुतून पाय सुजला तेव्हा वाटलं होतं, संपली आपली भटकंती. या विणकरांच्या घरातल्या म्हाताऱ्या राजव्वानं ठेवून घेतलं म्हणून बरं. ती रोज काम आटोपलं की सुताच्या रहाटाला हात लावून म्हणते, "लई राबलास की, बाबा. नीज आता."

आज मला हसू आलं.

"हसतोस काय रं? तुज्या पायांना कधी म्हटलंस?"

खरंच, कधी? आत्ताच तेल चोळून म्हटलं, "लई राबलात की, बाबांनो." लाजलो, पण फार बरं वाटलं.

उद्या विजापूरची वाट धरायची. पायांना चोळलेलं तेलही राजव्वाचंच. रहाटाला म्हणून झालं, पायांना म्हणून झालं, तिला कोण म्हणणार? चुलीपाशीच आहे ती. उठतोच.