दहा फोडींचा संत्रा

ती. भगवंतदादांस,

अमरावतीहून रागिणीचा नमस्कार. तुमचा गुडघा जिना चढू देतो का आणि अकोल्याचं ऊन एवढ्यातच कामाला लागलं का, हे आधी कळवा. मी बरी आहे. (परवापर्यंत नव्हते. ते ओघात येईलच.)

चव्वेचाळिसाव्या वर्षी बी.एड.ला बसले तेव्हा मी मनाशी ठरवलं होतं, की सत्राअखेरचा पाठ बिघडला तर मुकाट्यानं कॉलेज सोडायचं. आमच्याकडे दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यानं पहिल्या वर्षाच्या एकाला सांभाळायचं, अशी पद्धत आहे. मला सांभाळते आचल, वय बावीस, फुलं विकणाऱ्या मैनाबाईंची मुलगी. पहिल्या दिवशी तिनं मला वाकून नमस्कार केला आणि लगेच माझ्या पाठाच्या टाचणावर लाल रेघा ओढल्या. (एकवीस. त्यांतल्या एकोणीस योग्य होत्या, असं मी रोजनिशीत लिहूनही ठेवलं.) "काकू, तुमी शिकवता कमी अन् माफी जास्त मांगता," हे तिचं निदान.

पाठ होता सहावीला, अपूर्णांकांचा. आचलनं सुचवलं की साधन म्हणून संत्रे न्या; फोडी दहा, म्हणजे एक फोड एक दशांश. मी टाचणात 'अपेक्षित उत्तर' या रकान्यात सुवाच्य अक्षरात 'दहा' लिहिलं आणि मोर्शीहून वीस संत्रे मागवले. आम्हां दोघींपैकी एकीनंही एखादा सोलून पाहिला नाही. (का नाही, यावर मी बराच विचार केला. साधन पाठाआधी खाणं मला अप्रामाणिक वाटलं होतं.)

परीक्षक मागच्या बाकावर, शेजारी आचल. मी विचारलं, संत्र्यात फोडी किती? पहिल्या बाकावरचा चंदन, ज्याच्या घरी संत्र्याचा बगीचाच आहे, म्हणाला, "कोनत्या संत्र्यात, मॅडम?" मग सोलासोली झाली. नऊ, अकरा, बारा, पुन्हा अकरा. दहाचा एकही निघेना. माझा खडू हातातच राहिला. चंदनला माझी दया आली असावी. "सोलाचं काय काम हाय? देठाची टिकली काढा, खालचे ठिपके मोजा. जितके ठिपके तितक्या फोडी."

दादा, हे मला माहीत नव्हतं, आणि मी ते वर्गाला सांगून टाकलं. खडू चंदनला दिला आणि मी त्याच्या जागेवर बसले. उरलेले संत्रे पोरांनी न सोलता मोजले, प्रत्येकानं आपापला छेद फळ्यावर लिहिला, आणि नवातली एक फोड मोठी की बारातली, यावर जे भांडण जुंपलं ते तास संपला तरी मिटलं नाही. परीक्षकांनीही एक संत्रा मागून घेतला. शेवटी त्यांनी विचारलं, हे सगळं आधीच योजलं होतं का? आचल मान हलवून मला 'हो' म्हणायला सुचवत होती. मी 'नाही' म्हटलं. बाहेर आल्यावर ती म्हणाली, "तुमच्यापायी मले बीपी होईन."

पास झाले. शेरा असा: 'नियोजन कच्चे, शिकणे उत्तम.' कोणाचं शिकणं, ते लिहिलेलं नाही. आचलनं मला मैनाबाईंकडचा मोगऱ्याचा गजरा घातला आणि बाविसावी रेघ ओढायची राहू दिली.

तुमची,
रागिणी

ता.क. पुढच्या वर्षी कोणालातरी सांभाळायची पाळी माझी. मी कॉलेजातल्या सरांना नाव सांगून ठेवलं आहे: माणिकबाई, म्हणजे आमच्या वहिनी, तुमच्या सौ. प्रवेश परीक्षेचा अर्ज त्यांनी गेल्याच आठवड्यात भरला. त्यांचं पदवीचं प्रमाणपत्र तुमच्या कपाटात वीस वर्षं कुलपात आहे, ते तेवढं हवं.

आणखी ता.क. माझी पत्रं तुम्हाला वहिनीच वाचून दाखवतात, हे ध्यानात ठेवूनच लिहिलं आहे. या ओळीपर्यंत किल्लीसाठी त्यांचा हात पुढे आला असेल.