पेटी बोटीवरच ठेवावी

मेढा, गुरुवार, १४ मार्च १९७४

एकाच बोटीवर लागोपाठ दोन सफरी कशा कराव्यात, हा लेख उद्या साप्ताहिकाला द्यायचा आहे. माहिती शंकरची. माझा हा चुलतभाऊ प्रवासी बोटीवर वाढपी आहे. एक सफर संपवून आज घरी आला, परवा त्याच बोटीवर पुन्हा निघणार. एसटीत त्याचं बोलणं उतरवून घेतलं: खोली तीच मागावी, कपडे बंदरात धुऊन घ्यावेत, पेटी बोटीवरच ठेवावी. सल्ला चांगला वाटला.

त्याचे वडील, अण्णाकाका, अंथरुणाला खिळलेत. त्यांनी पोराच्या हातातली पिशवी पाहिली, मग दाराबाहेर पाहिलं.

“पेटी कुटं हाय रं?”

“बोटीवर. परवा जायाचं हाय, अण्णा. दिवाळीला येतो की.”

“दिवाळीपातूर मी काय ऱ्हातोय, गड्या?” काका हसले. “मग शेवटचं पाणी आत्ताच पाज.”

“आवं, काय बोलताय!”

पण काकांनी तोंड उघडून ठेवलं, मिटेनात. पेटी आणली असती तर? तरी तो जाणारच होता ना?

शेवटी शंकरने चमचाभर पाणी पाजलं. काकांनी ते सावकाश गिळलं आणि म्हणाले, “आता जा.”