डावा हात

ताई,

निवड समितीसमोर तू डोळे पुसत म्हणालीस, "धाकटीचा उजवा हात कामातून गेलाय, तिला उगाच त्रास देऊ नका." माझ्या मनगटाचं प्लास्टर तेव्हा निघायचं होतं. संघातली माझी जागा तू घेतलीस, विजेती झालीस आणि बहिणीसाठी खेळते म्हणून मिरवलीस.

हिवाळाभर मी हॉलमधल्या गालिच्यावर डाव्या हाताने बोल्स खेळले, छोट्या पांढऱ्या चेंडूच्या जवळात जवळ आपला चेंडू घरंगळत नेत राहिले. आधी चेंडू भलतीकडेच वळायचे. लोक हसायचे, मी दातओठ खात पुन्हा टाकायचे.

कालच्या अंतिम सामन्यात तुला लवकर हरवता आलं असतं. मुद्दाम हरवलं नाही. तुझा चेंडू पांढऱ्या चेंडूला टेकला की तू प्रेक्षकांकडे बघून हसायचीस, मग मी माझ्या चेंडूने तो हलकेच बाजूला सारायचे. तुझं हसू पार मावळलं, तेव्हा सामना संपवला.

नंतर समितीने विचारलं, दुहेरीला जोडीदार कोण? मी तुझ्या लेकीचं नाव सांगितलं.

"आईला काय वाटेल गं?" मी तिला विचारलं.

"मावशी, मला तुझ्याकडूनच शिकायचंय. आईला मी सांगते."

म्हणून हे पत्र टाकत नाही. तिच्या तोंडून ऐकलंस, तर जास्त लागेल.

तुझी,
धाकटी