ह्यूस्टनची मॅच, हौगांगचा प्रेक्षक

१० ऑक्टोबर, शनिवार

मंदारकडे सेरंगूनला आयपीएलची मॅच. सिंगापूरच्या कोविड-नियमाने घरी पाहुणे पाचच चालतात, म्हणून ग्रुपवर सकाळपासून भांडण, आज टीममध्ये कोण आणि बाकावर कोण. मला कायमची जागा. का, तर अभ्या एकटा आहे, बायको ह्यूस्टनला, सातवा महिना, त्याला घरी एकटं बसवायचं नाही. दयेपोटी मिळालेली जागा आहे, कळतं मला. पण सोडवत नाही.

मॅच कमी आणि अमेरिकेची निवडणूक जास्त. आता खुर्चीवर आहेत ते 'चालू कॅप्टन', समोरचे 'नवे कॅप्टन'. प्रसन्नने तर फील्डिंग लावल्यासारखी राज्यं लावली, कुठलं लाल, कुठलं निळं. सगळे नव्याच्या बाजूने, माझ्यासाठी म्हणे. जूनमध्ये चालू कॅप्टननी हुकूम काढला, तिथे नोकरी करणाऱ्यांच्या नवऱ्या-बायकांनाही वर्षअखेरीपर्यंत नवा व्हिसा नाही. त्याआधी मार्चअखेरीला माझा इंटरव्ह्यू होता, तर वकिलातच बंद पडली. मार्चच्या मध्यावर मुग्धाला, माझ्या मु.ला, तिथल्या नोकरीसाठी चांगी विमानतळावर सोडलं तेव्हा दीड महिन्यात येतो म्हणालो होतो.

चालूंच्या बाजूने एकटे जोगळेकर काका. "त्याने आधी घरच्यांचं बघितलं तर चुकलं काय?" माझ्याकडे बघूनच बोलले. राग आला. मंदारच्या बायकोने, स्वातीने, मध्येच भेळ आणून ठेवली म्हणून थांबलो.

१३ ऑक्टोबर, मंगळवार

या आठवड्यात आमच्या टीमची ऑफिसची पाळी. कंपनीच्या बसमध्ये एक सोडून एक सीट. जुरोंग आयलंडच्या गेटवर पास, ताप बघणं, मग पुन्हा पास. डोकं कामात नाही. ड्रॉइंगवर चुकीचा व्हॉल्व्ह दाखवला होता, बॉसने पकडला.

एच.आर.ला पुन्हा विचारलं. उत्तर तेच. सिंगापूर सोडलंस तर परत यायला मंत्रालयाची परवानगी लागेल, मिळेलच असं नाही. म्हणजे तिकडचं दार बंद, आणि इथून बाहेर पडलो तर हेही लागलं. मु.ला हे सांगितलं नाही. तिला आधीच काय कमी ताप आहेत का?

१८ ऑक्टोबर, रविवार

मु.चं डोहाळजेवण. व्हिडिओवर. आई पुण्यात सकाळी साडेसहाला नऊवारी नेसून तयार. सासूबाईंची सुटकेस ऑगस्टपासून भरलेली आहे, त्यांनाही जाता येत नाही. त्या ओटीचं साहित्य कॅमेऱ्यासमोर धरून रडायलाच लागल्या.

मु.ने हिरवी साडी नेसली होती. किती बारीक झाल्येय चेहऱ्याने. तिच्या बाजूला शेजारीण, डेबी. साठीची, केस पांढरे, एकटी राहते. पेढा-बर्फी कुठून मिळणार, म्हणून डेबीने दोन वाट्यांखाली दोन प्रकारची बिस्किटं झाकली. मु.ने डावी वाटी उचलली, बर्फीच्या जागेवरची. मुलगी, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. डेबीने टाळ्या वाजवल्या आणि मु.च्या कपाळावर ओठ टेकवले. ते मी करायला हवं होतं.

नंतर मु.ने फोन हातात घेऊन दिव्याच्या उजेडात अंगण दाखवलं. डेबीच्या गवतात चालू कॅप्टनच्या नावाची भलीमोठी पाटी. मी म्हटलं, ही बाई? मु. म्हणाली, "ही बाई मला दर आठवड्याला डॉक्टरकडे नेते. आणि पाटीबद्दल मी विचारत नाही."

२४ ऑक्टोबर, शनिवार

मी गाढव. पाटीची गोष्ट ग्रुपवर टाकली. प्रसन्न सुटलाच. म्हणे वहिनींना सांग घर बदल, असल्या लोकांच्या गाडीत बसायचं नाही, मास्क तरी लावते का ती. दुपारभर पाटीवर विनोद. मंदारनेही एक टाकला. मीही हसणारी तोंडं टाकली.

संध्याकाळी काकांचा मेसेज, ग्रुपवर नाही, मला वेगळा. "त्या बाईला काही झालं तर तुझ्या बायकोला दवाखान्यात कोण नेणार आहे? प्रसन्न?" उत्तर दिलं नाही. बरोबर होतं म्हणूनच दिलं नाही.

३० ऑक्टोबर, शुक्रवार

कोजागिरी. स्वातीने मसाला दूध केलं, गॅलरीत उभं राहून प्यायलो. चंद्र समोरच्या ब्लॉकमागे अडकलेला. सहावा माणूस म्हणून वरच्या मजल्यावरचा कुलकर्णी खाली आला होता तर मंदारची छोटी सई दारातच आडवी, अस्सल सिंगापुरी थाटात, "अंकल, सिक्स कॅनॉट लाह." कुलकर्णी आपला ग्लास घेऊन लिफ्टजवळ उभा राहिला बिचारा.

सगळ्यांचं एकच, चार तारखेला सकाळी मोजणी, मंदारकडे जमायचं. माझा आठवडा घरूनचा आहे. मु.ला पाठीत दुखतंय दोन दिवस. ती म्हणते नॉर्मल आहे. इंटरनेटवर बघितलं, तिथे सगळंच नॉर्मल असतं आणि काहीच नसतं.

३ नोव्हेंबर, मंगळवार

मु.ने फोनवर सांगितलं, डेबी पहाटे रांगेत उभी राहून मत देणार आहे. येताना हिच्यासाठी सूप आणणार. मी विचारलं, तुला वाईट नाही वाटत, ती ज्याला मत देत्येय त्याच्यामुळे मी इथे आहे? म्हणाली, वाटतं. पण सूपही लागतं.

झोप येणार नाही आज.

४ नोव्हेंबर, बुधवार

घडलं तसं लिहितो.

सकाळी मंदारकडे. सगळे लॅपटॉप घेऊन, घरून काम म्हणजे मंदारच्या घरून काम. आमची जुनी रीत अशी, मॅच अडली की कोणी जागा हलवायची नाही आणि फोन सगळे स्वातीच्या पोळ्यांच्या डब्यात. पूर्वी कधीतरी फोन वाजला की विकेट पडायची, तेव्हापासून प्रसन्न डबा फिरवतो. आम्ही शिकलेले, इंजिनियर, मॅनेजर. तरी एकजण जागेवरून उठला तर आरडाओरडा होतो.

मोजणी सुरू झाली आणि दक्षिणेतलं एक राज्य हातातून जायला लागलं. प्रसन्नने डबा आणला. मी माझा फोन स्वतःच्या हाताने टाकला. कोणी जबरदस्ती केली नाही, हे लिहून ठेवतो. उलट मनात आलं की आज तरी सगळं रीतसर व्हायला हवं, माझ्याच मॅचमध्ये मी कसा नियम मोडणार. डबा आत ओट्यावर, झाकण घट्ट.

मग आकडे. कुठला तरी जिल्हा, कुठल्या तरी पोस्टाच्या मतपत्रिका. मला पाणी प्यायला उठायचं होतं, मंदारने हाताने खाली बसवलं, बस रे, आता चांगलं चाललंय. काका म्हणाले, जाऊ दे ना त्याला. कोणी ऐकलं नाही. मीही नाही.

दुपारी जेवायला पोळ्या करायच्या म्हणून स्वातीने डबा उघडला. बाहेर आली ती माझा फोन घेऊन, चेहरा पडलेला. मु.चे फोन. एकामागून एक. मग अनोळखी अमेरिकन नंबर. मग डेबीचा मेसेज, मुग्धाच्या पोटात कळा, हॉस्पिटलला नेतेय, प्लीज उचला.

उचलायला मी कुठे होतो. स्टुलावर बसून एका राज्याला सांभाळत होतो.

लावला तर मु. उचलेना. मग डेबीला लावला, तिने उचलला. ती बाहेर गाडीत बसलेली, आत सोडत नाहीत. म्हणाली, घाबरू नका, नर्सने फोनवर सांगितलंय, त्या खोट्या कळा असाव्यात, बाळाचे ठोके व्यवस्थित आहेत. मी इंग्लिशमध्ये थँक यू, थँक यू म्हणत राहिलो. टी.व्ही. कोणीतरी बंद केला. प्रसन्न भिंतीकडे बघत होता.

घरी हौगांगला आलो. आता फोन हातातच आहे.

५ नोव्हेंबर, गुरुवार

मु. घरी आली. खऱ्या कळा नव्हत्या. डॉक्टरांनी झोपून राहायला सांगितलंय. बाळ ठीक. देवा.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. शांतपणे विचारलं, कुठे होतास. मोजणी बघत होतो म्हणालो. पोळ्यांच्या डब्याचं सांगायचं धाडस झालं नाही, पण मग सांगितलंच. ती हसली. हसता हसता रडायला लागली. "मला वाटलं तुलाच काहीतरी झालं."

प्रसन्नने ग्रुपवर माफी मागितली. मी उत्तर दिलं, चूक माझी. मोजणी अजून चालूच आहे म्हणे. बघवत नाही.

८ नोव्हेंबर, रविवार

सकाळी उठलो तर ग्रुपवर पूर आलेला. नवे कॅप्टन जिंकले. फटाके, पेढे, 'अभ्या, बॅग भर'. मंदारने बाळासाठी टोपीचा फोटो टाकला. मी पण खूप आनंद दाखवला. खरं तर झालाही होता, दात घासेपर्यंत.

काकांचा फोन आला. त्यांचा कॅप्टन हरला, तरी अभिनंदन म्हणाले. आणि मग, "अभिजित, हे लोक सांगणार नाहीत म्हणून मी सांगतो. नव्याला खुर्ची जानेवारीत मिळणार. तुझं बाळ डिसेंबरात येणार."

मला माहीत नव्हतं का? होतं. शाळेतल्या पोराला माहीत असतं. पण इतके दिवस मी आणि सगळी गँग जिंकलो की झालं, याच्या पुढे गेलोच नव्हतो. मॅच संपली की माणसं घरी जातात, तसं काहीतरी डोक्यात होतं.

काका बोटीवर चीफ इंजिनियर होते, तेव्हाचं सांगितलं. दोन्ही मुलं झाली तेव्हा ते समुद्रात. एकदा तर तार आठवड्याने मिळाली. म्हणाले, "बायकोने अजून माफ केलेलं नाही, आणि ती तसं म्हणतही नाही. तू निदान तिला खोट्या आशेवर ठेवू नकोस." त्यांचा आवाज असा कधी ऐकला नव्हता. मी त्यांच्यावर महिनाभर रागावलो होतो.

मु.शी बोललो. तिने निकालाचा विषय काढला नाही. फक्त सांगितलं, डेबी कालपासून रडत्येय. मु.नेच उठून तिला चहा करून दिला. आल्याचा. पाटी काढताना डेबीला खिळा निघेना, तर हिने घरातून पक्कड नेऊन दिली. झोपून राहायला सांगितलंय आणि बाई अंगणात पक्कड घेऊन. ओरडलो मी. बरं वाटलं ओरडून, नवऱ्यासारखं.

१० नोव्हेंबर, मंगळवार

आज फायनल. माझी जागा कुलकर्णीला दिली.

वकिलातीच्या साइटवर पुन्हा बघितलं, तातडीच्या इंटरव्ह्यूसाठी विनंती टाकता येते. वकिलांना विचारलं, हुकूम उठत नाही तोवर मिळून उपयोग नाही म्हणाले. तरी विनंती टाकली. डॉक्टरांचं पत्र जोडलं.

१४ नोव्हेंबर, शनिवार

लक्ष्मीपूजन. स्वातीने चकल्या, करंज्या डब्यातून दाराशी आणून दिल्या आणि आत न येता गेली. लिट्ल इंडियातून पणत्या आणल्या होत्या, दोनच लावल्या. आईला व्हिडिओवर दाखवल्या.

मु.चा फोन सकाळीच. हॉस्पिटलमधून विचारलंय, बाळंतपणाच्या खोलीत एकच माणूस चालेल. कोण, ते सोमवारपर्यंत कळवायचं. कोविडमुळे एकच, आणि एकदा दाखल झाल्यावर बदलता येणार नाही. डेबीने स्वतःहून विचारलंय, मी येऊ का.

मु. म्हणाली, "काय नाव देऊ?"

मला सगळं ठाऊक होतं. काकांनी सांगितलेलं. वकिलांनी सांगितलेलं. एच.आर.ने सांगितलेलं. डेबी चांगली बाई आहे, गाडी चालवते, हात धरेल, सूप आणेल. त्या मतपेटीशी तिचं जे काय आहे ते असो. सरळ उत्तर एकच होतं आणि ते मला द्यायचं होतं, डेबीचं दे. तोंडापर्यंत आलेलं.

मी म्हटलं, "माझं दे."

पलीकडे डेबीच्या कुत्र्याचा भुंकण्याचा आवाज येत होता. मी पुढे काहीबाही बोललो, तातडीची विनंती टाकलीये, डॉक्टरांचं पत्र आहे, कदाचित. ती ऐकत राहिली. तिला सगळं कळत होतं, माझ्यापेक्षा जास्त.

मग म्हणाली, बरं. स्पेलिंग पासपोर्टवर आहे तसंच घालते.

फोन ठेवल्यावर लगेच वाटलं, पुन्हा लावावा, डेबीचं नाव दे म्हणून सांगावं. सोमवारला अजून वेळ आहे. आत्ता तिकडे पहाट, ती झोपली असेल.