विंडोज जुनंच ठेवलं

नगर, मंगळवार, संध्याकाळ

रॅम आठची घ्यायची की सोळाची, एवढंच विचारायला गेले होते. दुकानदार म्हणाला, "काकू, सोळाची टाका, संगं नवं विंडोज, लई पळंल. पन नव्या विंडोजवर तुमचा जुना मराठी फॉन्ट न्हाई चालायचा." त्याने ह्यांचा एक लेख नव्या मशीनवर उघडून दाखवला. ओळीच्या ओळी नुसता इंग्रजी अक्षरांचा चिखल! शेवटच्या आजारपणात ह्यांनी एकेका बोटाने टाइप केलेलं सगळं. मला शेजारी बसवून मोठ्याने वाचायला लावायचे आणि माझ्या कॉन्व्हेंटच्या मराठीला हसायचे. त्याचा आता चिखल.

पुण्याला लेकाला फोन केला. "आई, बाबांचं ते आता कोण वाचणार आहे? फॉरमॅट मारून टाक."

कोण वाचणार? मी वाचते ना, रोज. हे त्याला माहीतच नाही?

शेवटी आठची रॅम टाकायला सांगितली, विंडोज जुनंच. लेक चिडला. "जुन्यावर व्हिडिओ कॉल धड होत नाही. मग मी तुझ्याशी बोलणार कसा?"

"तसाही फोन मीच करते, बाळा," म्हटलं आणि ठेवून दिला.