चुकीच्या पाकिटातले बेडूक

५ ऑगस्ट

चार महिने डायरीत एक ओळ लिहिली नाही. क्षमा. कामात होतो असं लिहिणार होतो, पण तुझ्याशी तरी खोटं कशाला – निव्वळ आळस! आणि थोडी लाज. संशोधन संस्थेच्या नियतकालिकाचा संपादक मी, दिवसभर दुसऱ्यांना ‘नोंदी नियमित ठेवा’ म्हणून सांगतो.

आज लिहायला बसलो, कारण एक घोळ घालून ठेवलाय.

या अंकासाठी आलेले निबंध : तळ्याकाठच्या बेडकांचे आवाज. एका विसरल्या गेलेल्या कवीच्या विरहकविता. जुन्या खुर्च्यांची उंची का घटत गेली. दमट हवेत खिळे कसे गंजतात. विनोद झाला की माणसं हसण्याआधी कुणाकडे बघतात. आणि हे सगळं एकाच पुठ्ठ्यात बांधायचं! बायको म्हणते, “तुझा अंक म्हणजे हरवलेल्या वस्तूंचं कपाट आहे.” ती दंतवैद्य. तिच्याकडे सगळे एकाच कारणासाठी येतात, तिला काय कळणार.

तर झालं असं. निबंध परीक्षणाला पाठवताना लेखकाचं नाव झाकायचं, ही आमची जुनी पद्धत. पण इथे सगळे एकमेकांना ओळखतात, एकाच जिन्यात भेटतात, एकाच यंत्रातला कडू चहा पितात. म्हणून यंदा मी जरा जास्तच काळजी घेतली. नाव झाकलं. शीर्षकही झाकलं. एकसारखी खाकी पाकिटं आणली, चिकटपट्टी मारून बंद केली. तेवढ्यात फोन आला. फोन ठेवून बघतो तर टेबलावर दोन पाकिटं – आणि कशात काय आहे, ते मलाच ठाऊक नाही! एकात बेडूक, एकात विरह.

उघडून बघायला हवं होतं. पण बंद केलेलं पाकीट परीक्षकाशिवाय कुणी उघडायचं नाही, असा नियम आहे. तो मीच केलाय.

मग हातावर तोलून पाहिली. जड ते साहित्याचं, असं धरलं. साहित्यवाले थोडक्यात आटपत नाहीत. जड पाकीट कवितेच्या सरांना दिलं – ते साहित्य विभागाचे प्रमुख. हलकं दिलं गोगलगाय सरांना. त्यांनी अख्खी नोकरी गोगलगायींच्या मागे काढली. आडनावाने हाक मारली तर चटकन वळूनही बघत नाहीत.

जेवताना आठवलं. बेडकांच्या निबंधाला आलेखांची भलीमोठी पुरवणी होती.

६ ऑगस्ट

चूक झाली असण्याची शक्यता निम्मी. झोप मात्र पूर्ण गेली.

९ ऑगस्ट

बेडूकबाई येऊन गेल्या. सगळी संस्था त्यांना याच नावाने ओळखते. दारावरच्या पाटीखाली त्यांनी स्वतःच बेडकाचं चित्र लावलंय. त्यांची जागा हंगामी आहे. दोन सप्टेंबरला समिती बसणार, मुदत वाढवायची की नाही ते ठरवणार. हातात एक स्वीकृत निबंध नसेल तर सरळ घरी.

“परीक्षण कधी येतंय हो?”

“येईल.”

“असे खिडकीबाहेर बघून का सांगताय?”

काय करू? पाकिटं परत मागवली तर नव्याने परीक्षणाला महिना जाईल, समिती हुकेल. नाही मागवली तर पाच पावसाळे चिखलात उभं राहून केलेलं काम एका कवितेच्या प्राध्यापकाच्या हातात. दोन्हीकडून त्यांचंच नुकसान आणि दोन्हीकडून माझाच गाढवपणा.

बायकोला सांगितलं. ती हसत सुटली. “अरे, माझ्या हातून चुकून भलताच दात निघाला आणि पेशंटचं दुखणं थांबलं, तर मी काय करीन माहितीय?”

“काय?”

“गप्प बसेन.”

हे ती विनोदाने म्हणाली असं मी धरून चालतो. माझी पुढच्या आठवड्यात दाढ काढायची आहे.

१७ ऑगस्ट

दोन्ही परीक्षणं आली. चूक झालीच आहे.

गोगलगाय सरांनी विरहकवितांवर लिहिलंय : “नमुना एकच, तोही मृत. अधिवास नमूद नाही. आहार नमूद नाही. ‘विरहाची तीव्रता वाढत जाते’ – किती? कशावरून? आलेख जोडावा.”

कवितेच्या सरांनी बेडकांवर : “लेखकाने नराचं म्हणणं अत्यंत आस्थेने, पानोपानी ऐकलं आहे. मादी मात्र येते, निवड करते आणि जाते. संपूर्ण निबंधात ती एक अक्षर बोलत नाही. हे मौन तिचं आहे की आपल्या ऐकण्याचं?” आणि खाली, “निबंध स्वीकारावा. दुरुस्त्या किरकोळ.”

हसू आलं. मग हसण्याची लाज वाटली. मग पुन्हा आलं.

१८ ऑगस्ट

रात्रभर विचार करून कवितेच्या सरांकडे गेलो आणि सगळं सांगून टाकलं. ते पेन्सिलीला टोक काढत होते.

“पहिल्याच पानावर कळलं मला,” म्हणाले. “कवितेत इतके बेडूक नसतात.”

“मग परत का नाही पाठवलंत?”

“अहो, एकोणीस वर्षं लोक माझ्याकडे विरहच पाठवतायत.”

तिथून बेडूकबाईंकडे. त्यांच्या हातात परीक्षण दिलं, पाकिटांची हकिगतही सांगितली, काही लपवलं नाही. फक्त परीक्षकाचं नाव सांगितलं नाही.

“कवितेचे सर,” त्या म्हणाल्या.

“नाव सांगता येत नाही.”

“‘मौन’ हा शब्द किती वेळा आलाय बघा! बेडकाची मादी आवाज काढत नाही हो. हे शास्त्र आहे, नाटक नाही.”

“पण निबंध स्वीकारावा असं म्हटलंय त्यांनी.”

“ज्याला विषयातलं ओ का ठो कळत नाही, त्याच्या होकाराचं करू काय मी?” असं म्हणाल्या, पण कागद घडी करून पर्समध्ये ठेवला.

संध्याकाळी मी स्वीकृतीपत्रावर सही केली. हे बरोबर केलं का? परीक्षक चुकीचा, पण परीक्षण प्रामाणिक. मी प्रामाणिक, पण पद्धत चुकीची. यापुढे माझं डोकं चालत नाही. पत्र दिलं.

२० ऑगस्ट

ग्रंथपालबाई – विरहाचा निबंध त्यांचा – परीक्षण वाचून चिडतील असं वाटलं होतं. छे! “आलेख? काढते की!” चौकटीचा कागद मागून घेऊन गेल्या. दुपारी परत आल्या. विरह सलग वाढत जातो आणि एका साली धाडकन खाली येतो. त्या साली कवीचं लग्न झालं होतं.

“पुढच्या वर्षी पुन्हा चढलाय बघा,” म्हणाल्या.

गोगलगाय सरांनी तो आलेख मागून घेतलाय. भिंतीला लावणार म्हणे.

२६ ऑगस्ट

बेडूकबाई धापा टाकत आल्या, कानाला यंत्रं, डोळे सुजलेले. खुर्चीवरचे खुर्च्यांचे कागद ढकलून बसल्या.

“ऐका.”

एक यंत्र माझ्या कानात कोंबलं. डरांव-डरांव. पुन्हा डरांव-डरांव. मग शांतता. मग – टिक. चिमटीत काडी मोडावी इतकंच. त्यावर पुन्हा डरांव-डरांव, पण हळू.

“पान पडलं असेल,” मी म्हणालो.

“मीही पाच वर्षं तेच म्हणत होते! संगणकाला सांगून ठेवलं होतं, हळू आवाज सगळे पुसून टाक. पान, थेंब, सगळं. त्या माणसाला खोटं पाडायचं म्हणून मूळ ध्वनिमुद्रणं काढली, तर दर वेळी हे टिक आहे! ती टिक म्हणते आणि हा आवाज खाली आणतो. हा ऐकतो हो तिचं!”

मी अभिनंदन करायला तोंड उघडलं, तर त्यांनी पर्समधून स्वीकृतीपत्र काढून टेबलावर ठेवलं.

“हे परत घ्या. ‘मादी मूक असते’ म्हणून लिहिलंय मी. निबंध चुकलाय.”

“अहो, समिती आठवड्यावर आली! आता छापू, पुढच्या अंकात दुरुस्ती देऊ. बाब किरकोळ आहे.”

“अर्धी जात किरकोळ?”

मी आयुष्यभर लोकांच्या तळटिपांतले स्वल्पविराम तपासले, आणि नेमकं आज मीच एका संशोधकाला चूक छापा म्हणून सांगत होतो. पत्र घेतलं.

घरी सांगितलं. बायको हसली नाही. “आता काय होणार तिचं?” एवढंच म्हणाली.

२ सप्टेंबर

समिती बसली. मला टिपणं घ्यायला बोलावलं होतं.

संचालकांनी बेडूकबाईंना विचारलं, “निबंध?”

“होता. मागे घेतला.”

“का?”

“चुकीचा होता.”

“मग बरोबर कधी होणार?”

“पुढच्या पावसाळ्यात. पुन्हा मोजायला हवं.”

मग बाईंनी सगळ्यांना ते टिक ऐकवलं. गोगलगाय सरांनी तीनदा ऐकलं, तिसऱ्यांदा डोळे मिटून. “ही जागा ठेवायला हवी,” म्हणाले. बाकीच्यांनी नियम दाखवला. पाकीट माझ्यामुळे चुकलं असं मी उभं राहून सांगितलं. संचालक म्हणाले, “तो मुद्दा चर्चेला नाही.”

जागा गेली. टिपणात ‘गेली’ असं लिहिता येत नाही. ‘मुदतवाढ देता आली नाही’ असं लिहिलं.

बाहेर जिन्यात बेडूकबाई उभ्या होत्या. मी क्षमा मागितली. “कशाबद्दल?” म्हणाल्या. “पाकीट बरोबर गेलं असतं तर आज नोकरी असती आणि टिक नसतं.” बोलताना हसत होत्या, पण दारावरचं चित्र काढताना त्यांच्या हाताला ते लवकर निघेना.



४ सप्टेंबर

सकाळी कवितेचे सर संचालकांच्या खोलीत गेले. त्यांच्या विभागात ‘बोलींचं ध्वनिमुद्रण’ या कामाची एक जागा दोन वर्षं रिकामी आहे. लोकांचं बोलणं टिपत पाणवठ्याकाठी तासन्‌तास यंत्र घेऊन बसायला कुणी तयार होत नाही. “जाहिरात वाचा,” सर म्हणाले म्हणे. “बोली कुणाची, हे त्यात लिहिलेलं नाही.” संचालकांनी दोनदा वाचली. मग बेडूकबाईंच्या नेमणुकीवर सही केली.

उद्या : पुढच्या वर्षीच्या कच्च्या अनुक्रमणिकेत बेडूक ‘भाषा आणि साहित्य’खाली हलवणे.