पाच वाल

आई, कशेळ्याला दातांच्या दवाखान्यात जाऊन आले. तू काम करायचीस तो नव्हे. ती खोली केव्हाच पाडली, तिथे आता मोबाइलचं दुकान आहे. हा नवा दवाखाना जीपा उभ्या राहतात त्याच्या समोर आहे. आणि माझा दातही दुखत नव्हता. दवाखाने तपासणं ही माझी नोकरी आहे, हे तुला ठाऊक नाही, कारण ती लागायच्या आधीच तू गेलीस. फाइल घेऊन जायचं, हत्यारं नीट निर्जंतुक करतात का, सुया आणि रक्ताचा कापूस कुठे टाकतात, हातमोजे बदलतात का ते बघायचं आणि अहवाल लिहायचा. तू असतीस तर म्हणाली असतीस, "म्हंजे लोकांच्या घरात नाक खुपसायचं नि वर पगार घ्यायचा." खरंच आहे ते. पण हे नाक खुपसणं मी तुझ्याकडूनच शिकले.

तुझे डॉक्टर कर्जतहून आठवड्यातून एकदा, बाजाराच्या दिवशी यायचे. त्याआधी खोली झाडून, फरशी पुसून तू दात काढायच्या पकडी, चिमटे, आरसे मोठ्या कुकरात घालून स्टोव्हवर चढवायचीस. घड्याळ तुला कळत नव्हतं आणि शिट्ट्यांवर तुझा विश्वास नव्हता. "शिटी काय, कुकर वाजवतोच. आत शिजलं का नाय ते बगावं," असं तुझं म्हणणं. म्हणून तू पाच सुके, न भिजवलेले वाल फडक्याच्या पुरचुंडीत बांधून हत्यारांबरोबर ठेवायचीस. कुकर उतरला की पुरचुंडी सोडून एकेक वाल बोटांत चेपायचीस. पाचही मऊ झाले तरच पकडी बाहेर. एक जरी कडक लागला तरी कुकर पुन्हा स्टोव्हवर. डॉक्टर आधी हसले होते. पुढे तेच आल्या आल्या विचारायचे, "बाई, आज वाल काय म्हणतात?" हे शास्त्र कुठल्या पुस्तकात नव्हतं, पण मी आज जे नियम घेऊन हिंडते त्यांचा सगळा अर्थ त्या पुरचुंडीत होता.

आता हेच काम यंत्र करतं. विजेवर चालतं, आत कोंडलेल्या वाफेनं हत्यारं निर्जंतुक होतात. वालांच्या जागी कागदाची पट्टी आली आहे. वाफ पुरेशी लागली की ती पांढऱ्याची काळी होते, आणि रोजची पट्टी वहीत चिकटवून ठेवायची असते. कशेळ्याच्या दवाखान्यात सगळं लखलखीत होतं. डॉक्टरीण तरुण, कामाला चोख. वहीसुद्धा सुरेख, एक दिवस चुकलेला नाही. मी पानं उलटत होते आणि एका ठिकाणी थांबले. बाजाराच्या दिवसांच्या पट्ट्या इतर दिवसांपेक्षा अरुंद होत्या. एकच काळी पट्टी कात्रीनं उभी कापून तीन-चार आठवडे पुरवली होती. बरोबर आलेल्या साहेबांना ते दिसलं नाही. मला दिसलं. चोराच्या वाटा चोराला ठाऊक असतात.

वही लिहिणारी ताई दारात उभी होती. चाळिशीची असेल, हत्यारं धुणं आणि यंत्र लावणं हे तिचं काम. मी विचारलं तशी तिनं लपवलं नाही. "म्याडम, बाजाराच्या दिवशी लाईट नसते दुपारपातूर. मशीन लागत नाय. वाडीवरची मानसं सकाळीच जीपनं येतात, गाल सुजलेले असतात. त्यांना परत कसं घालवू? मी पान्यात उकळून देते हत्यारं. डॉक्टरांना वाटतं मशीन लावली." डॉक्टरीण पांढरीफटक पडली. म्हणाली, "मी बघायला हवं होतं. माझं नाव लिहा." आणि मी, आई, तिथे रांगेत बसलेल्या माणसांसमोर त्या ताईला म्हणाले, "तुमच्या पोटच्या पोरीच्या तोंडात घातली असतीत का ही पकड?" ती पदर बोटाला गुंडाळत राहिली.

अहवालात मी काहीच सौम्य केलं नाही. बाजाराच्या दिवशी वीज नसताना दात काढणं बंद, गॅसवर चालणारं यंत्र आणल्याशिवाय परवानगी नाही. त्याचा मला पस्तावा नाही. उकळलेलं पाणी पुरत नाही, हे तू वालांवरूनच ओळखलं होतंस. पण पंधरा दिवसांनी पुन्हा गेले तेव्हा गॅसचं यंत्र आलेलं होतं, पट्टीवर डॉक्टरिणीची सही होती, आणि ताई नव्हती. "मी काढलं नाही तिला," डॉक्टरीण म्हणाली. "त्याच दिवसापासून आली नाही. घरी जाऊन आले. म्हणते, म्याडम बोलल्या ते खरं हाय, मी आता कुठल्या तोंडानं येऊ. आली तर मला हवीच आहे." येताना मी बाजारातून शेरभर कडवे वाल घेतले. उगाच, हातांना काहीतरी काम हवं म्हणून.

ते भिजवले, मोड आणले आणि काल सकाळी बिरड्यासाठी सोलायला बसले. पाचसहा वाल सोलून झाले आणि हात थांबला. तुला तो दिवस आठवतो का? मी अकरा वर्षांची होते. तू मला कुकरापाशी बसवून पाणी आणायला गेली होतीस. "बाय, स्टोकडं बग. पंप मारीत ऱ्हा," एवढंच सांगितलं होतंस. मी जरा बाजारात जाऊन आले. कुठे, ते शेवटी सांगते. परत आले तर स्टोव्ह विझलेला, कुकर कोमट. झाकण उघडून पुरचुंडी सोडली तर वाल दगडासारखे. तू वळणावर हंडा घेऊन येताना दिसलीस. माझ्या डब्यात आदल्या दिवसाचं बिरडं होतं. त्यातले पाच वाल पाण्यात खंगाळले, पुरचुंडीत बांधले आणि झाकण लावून टाकलं. "झालं गं आये, उतरवलाय," म्हणून मोकळी झाले.

तू पुरचुंडी उघडलीस. एक वाल चेपलास. मग माझ्याकडे बघितलंस, बराच वेळ. तेवढ्यात डॉक्टर आले, तर त्यांना म्हणालीस, "डॉक्टर, स्टो मदीच इझला. माजं लक्ष नवतं. आजून एक डाव लावते." डॉक्टर कधी नव्हे ते चिडले. माणसं डोंगरावरून चालत आलीत, तुमच्या भरवशावर मी येतो, असं सगळ्यांसमोर बोलले. तू मान खाली घालून ऐकलंस आणि स्टोव्हला पंप मारायला बसलीस. मला वाटलं, शिळे वाल तुझ्या बोटांना कडक लागले असतील. आपण थोडक्यात वाचलो याचाच मला आनंद. पुढच्या बाजाराला तू ती पुरचुंडी माझ्या हातात ठेवलीस. "आजपास्नं वाल तू चेपायचे. तू हो म्हनलीस, तरच मी पकडी काडीन." मी शहाणी आहे म्हणून तू हे मोठं काम दिलंस, असं मी इतकी वर्षं समजत होते. मुलाखतीतसुद्धा मी ही गोष्ट ऐटीत सांगितली होती.

काल माझ्या हातात सोललेला वाल होता, आई. बिरड्याचे वाल सोललेले असतात. तुझ्या पुरचुंडीतले सालासकट. एवढी साधी गोष्ट मला उभ्या जन्मात सुचली नाही, आणि तुला ती पुरचुंडी उघडताक्षणी दिसली होती. तू मला एका शब्दानं बोलली नाहीस. चार माणसांत तर नाहीच. माझी चूक स्वतःच्या अंगावर घेतलीस, आणि जिनं फसवलं तिलाच राखणीला बसवलंस. मी सालांचा ढीग समोर घेऊन रडले. घरातल्यांना सांगितलं, कांदा चिरत होते.

उद्या कशेळ्याला जाणार आहे. फाइल नेणार नाही. डॉक्टरिणीशी बोलले आहे. ताई आली, तर पट्टी बघायचं काम तिचंच. ती हो म्हणाल्याशिवाय एकही पकड बाहेर निघणार नाही. पण ती यायला हवी, आणि त्यासाठी मला तिच्या दारात उभं राहून चुकले म्हणावं लागेल. लोकांच्या चुका मला पटापट लिहिता येतात, स्वतःची सांगायची सवय नाही. म्हणून आधी तुझ्यापाशी सांगून बघितली. हा कागद वालांच्या डब्यात ठेवते, दुसरीकडे कुठे पाठवणार.

आणि ते राहिलंच. स्टोव्ह विझला तेव्हा मी कासारापाशी होते. बांगड्या भरल्या नव्हत्या, त्या तुझ्याकडे मागायची हिंमत नव्हती. नुसता हात पुढे करून बसले होते.